आजीच्या चष्म्याचे दोन रुपये

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या मातोश्रींनी सहा वर्षांच्या नातीला आतल्या खोलीतून चष्मा आणून देण्यास सांगितले. मुलगी जागची हलली नाही. ‘किती रुपये देशील?’ असे तिने विचारले. त्या विचारण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. भाजीवालीला दर विचारावा इतक्या साधेपणाने तो प्रश्न आला होता. मातोश्रींनी माझ्याकडे पाहिले, आणि ते योग्यच होते. महिनाभरापूर्वी स्वयंपाकघराच्या दारावर मीच एक तक्ता लावला होता : दूध संपवल्यास एक रुपया, दप्तर स्वतः भरल्यास दोन, कुरकूर न करता झोपल्यास आणखी दोन. मोबदला वाढला की पुरवठा वाढतो, हे जो वर्षानुवर्षे फळ्यावर आलेख काढून शिकवतो, त्याला घरातही तोच उपाय सुचावा यात नवल नाही. पहिले दोन आठवडे तक्त्याने माझे शास्त्र खरेही करून दाखवले.

वास्तविक या शास्त्रानेच मला सावध करावयास हवे होते. इस्राएलमधील हैफा येथील १० पाळणाघरांचा एक अभ्यास उरी ग्नीझी व आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून त्यांपैकी ६ पाळणाघरांत दहा मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास १० शेकेल दंड सुरू करण्यात आला. परिणाम उलटा झाला. उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाली. तोवर ताटकळणाऱ्या शिक्षिकेची पालकांना भीड वाटत होती. दंड लागू होताच तो जादा वेळेचा दर ठरला, आणि दर चुकता करणाऱ्याला भीड कसली? पुढे दंड रद्द झाला, तरी उशीर कमी झाला नाही. गेलेली भीड परत आली नाही, ही त्या अभ्यासातील मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

मुलांच्या बाबतीतही असाच पुरावा आहे. अमेरिकेतील मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगण्यात आले. काही दिवसांनी तेच रंग पुन्हा समोर ठेवले, तेव्हा ही मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांना प्रशस्तिपत्र अकल्पितपणे, मागाहून मिळाले होते, त्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे दोष कौतुकात नाही. आधी ठरवलेल्या सौद्यात आहे.

आज हा सौदा रुपयांत क्वचितच होतो. त्याचे चलन मोबाइल हे आहे. ‘चार घास खा, मग कार्टून लावते’ हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही? यावर आईबापांना उपदेश करणे सोपे आहे, आणि ते मी करणार नाही. दोघेही सातच्या लोकलने घरी परतणारे, सकाळचा डबा डोक्यात, मूल एकेक घास गालात धरून बसलेले; अशा वेळी पालक मुलाला बक्षीस देत नसतात, स्वतःसाठी अर्धा तास विकत घेत असतात. टंचाई शिस्तीची नाही, वेळेची आहे. हे एकदा मान्य केले की निदान आपण मुलाला वळण लावीत आहोत, अशी स्वतःची फसवणूक तरी होत नाही.

माँटेसरी पद्धतीत बक्षीस आणि शिक्षा या दोहोंनाही थारा नाही. ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन करून हा विचार आपल्याकडे रुजवला, आणि ताराबाईंनी पुढे बोर्डी व कोसबाडच्या अंगणवाड्यांत तो आदिवासी मुलांपर्यंत नेला. मी स्वतः इतका कडवा नाही. दात घासण्यासारख्या, ज्यात मुळात गोडी नाही अशा कामाला चार दिवस एखादे आमिष दाखवले तर बिघडत नाही. तिथे गमावण्याजोगी आवड नसतेच. पण आजीला चष्मा देणे, धाकट्या भावाला झोका देणे, पाहुण्यांना पाणी नेणे ही कामे मूल आपण या घरचे आहोत म्हणून करते. त्यांना दर लावला की ते घरचे माणूस न राहता रोजंदारीवर येते.

तक्ता मी त्याच रात्री उतरवला. हैफाच्या पालकांप्रमाणे मुलगीही लगेच पूर्वपदावर आली नाही. कितीतरी दिवस ती कामापूर्वी क्षणभर थबकून माझ्याकडे पाही. मातोश्रींनी तिला काही समजावले नाही. त्या मटार सोलायला बसल्या की शेजारी आणखी एक ताटली मांडत, इतकेच. मुलगी हल्ली तिथे जाऊन बसते. निम्मे दाणे तिच्या पोटात जातात, आणि ‘किती देशील?’ हा प्रश्न अजूनही महिन्यातून एखाद्या वेळी ऐकू येतोच.