आधी वाडा, मग बघू

गेल्या शनिवारी रात्री साडेनऊला मी कॉलवर होतो आणि विषय होता तुळशीवृंदावनाची उंची. पाऊण तास! एक जण न्यू जर्सीहून, दोघं जर्मनीतून, आम्ही तिघं पुण्यातून. सगळे नोकरी सांभाळून, फुकट, स्वतःचा वीकेंड घालवणारे. त्यामुळे हेतूबद्दल शंका नाही. पण आता बास, लिहायलाच हवं.

तर प्रोजेक्ट असं. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी आभासी जगात मराठीचा कोर्स, तोही तीन देशांनी मिळून चालवायचा. कल्पना झकास. भाड्याच्या सर्व्हरवर ओपनसिम्युलेटर टाकलं. पाच महिन्यांत तयार काय झालं? एक दुमजली वाडा. चौक, ओसरी, झोपाळा, माडीवर जाणारा अंधारा जिना... बघत राहावं असा. आणि पहिला तास? मुलांचे अवतार ओसरीवर रांगेत बसवले, समोर भिंतीवर स्लाइड्स लावल्या. "हा झोपाळा आहे." ज्या जगात माणूस उडू शकतो तिथे आम्ही मुलांना सतरंजीवर बसवलं. वर म्यूट केलं.

माझी भाची स्टुटगार्टला असते, वय वर्षं अकरा. तिसऱ्या शनिवारनंतर ती आलीच नाही. ताईने फोन दिला तर म्हणाली, "मामा, तिथे माझ्याशी कोणी बोलतच नाही." हेच वाक्य अर्धं जर्मनमध्ये होतं. तिची आणि आजीची फोनवरची बोलणी आता "हो", "जेवले", "बरी आहे" एवढ्यावर आली आहेत. आजीला जर्मन येत नाही, इंग्रजी येत नाही. आजीचं वय सांगत नाही, पण आमच्या प्रोजेक्ट प्लॅनला जशी पुढची तारीख टाकता येते तशी इथे येत नाही.

आमचे लोक म्हणतात, आधी वातावरण हवं. अरे, वातावरण कशाला? माणूस बोलतो कधी? समोरच्याला माहीत असलेलं आपल्याला हवं असतं तेव्हा. तेवढी गरज निर्माण करा, वाडा नंतर बांधा.

हे काही मला सुचलेलं ज्ञान नाही. सेकंड लाइफ २००३ मध्ये सुरू झालं, २००७ मध्ये त्यात बोलायची सोय आली आणि भाषेचे शिक्षक तिकडे धावले. तिथेही हुबेहूब वर्गखोल्या बांधून त्यात भाषणं देणारे निघालेच. पण नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या पुढाकाराने २००९ ते २०११ या काळात निफ्लार नावाचा युरोपीय प्रकल्प झाला. त्यात भाषा शिकणाऱ्यांची गाठ ती भाषा बोलणाऱ्या, शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांशी घालून दिली आणि त्यांना मिळून करायची कामं दिली. आधी माणसांची जोडी, मग काम, मग त्या कामापुरती जागा. आम्ही बरोबर उलटे चाललो आहोत.

आमच्याच वाड्यात काय करता आलं असतं बघा. एका मुलाकडे यादी: हिरवी पिशवी, हिरवा डबा, हिरवं भांडं. वस्तू दुसऱ्यालाच दिसतात, कुठे आहेत ते त्याने सांगायचं. "जिन्याखाली बघ, डावीकडे. अरे तो नाही, ते!" तीन लिंगं वीस मिनिटांत तोंडात बसतात, तक्त्याशिवाय. गंमत म्हणजे जर्मनलाही तीनच लिंगं. आणि पुण्यात जर्मन शिकणारी पोरं काय कमी आहेत? माझ्या भाचीला मराठी हवंय, त्यांना जर्मन. अर्धा तास तिने अडखळायचं, अर्धा तास त्यांनी. मुलं लहान, म्हणून घरचं मोठं माणूस शेजारी बसेल, हरकत नाही. पण आमच्या आराखड्यात भाची फक्त 'लाभार्थी' आहे. तिच्याकडे देण्यासारखं काही आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बरं, आंतरराष्ट्रीय म्हणता, तर निदान घड्याळ तरी बघा. हिवाळ्यात पुण्यात रात्रीचे आठ म्हणजे स्टुटगार्टला दुपारचे साडेतीन, न्यू जर्सीला सकाळचे साडेनऊ. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपची शेवटच्या रविवारी, आपली कधीच नाही. आम्ही वेळ न्यू जर्सीच्या घड्याळाला बांधली होती. मधले दोन शनिवार जर्मनीतली मुलं तास संपत आल्यावर उगवली. दिवसभर टाइमझोनचे बग सोडवणारी माणसं आम्ही!

आणि तो वाडा टिकणार किती? किशोरांसाठीचं वेगळं सेकंड लाइफ २०११ मध्ये गुंडाळलं गेलं. त्याच वर्षी शिक्षणसंस्थांची सवलत काढली, ती २०१३ मध्ये परत दिली. मायक्रोसॉफ्टने ऑल्टस्पेस मार्च २०२३ मध्ये बंद केलं, मोझिलाने हब्ज मे २०२४ मध्ये. सर्व्हर आपला असला तरी तो सांभाळणारा माणूस बाप झाला की संपलं. (आमचा होतोय, जूनमध्ये. अभिनंदन!) कामांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असेल तर ती कुठल्याही जगात चालते, जग नसेल तर फोनवरही चालते.

असो. रविवारी सकाळी बसून मी अशी सहा कामं एका पानावर लिहिली, जोड्या कशा लावायच्या ते लिहिलं, वेळा तिन्ही गावांच्या घड्याळाप्रमाणे घातल्या आणि ग्रुपला मेल केली. सोमवारी उत्तर आलं. "मस्त रे! फेज टूमध्ये नक्की घेऊ. तुळशीवृंदावन चार फूट फायनल करतोय, चालेल ना?"

मी उत्तर दिलेलं नाही. शनिवारी साडेतीनला, तिच्या घड्याळाने, भाचीला फोन लावणार आहे. पुण्यातली एक जर्मन शिकणारी मुलगी तयार झाली आहे. वाडा नाही, नुसता फोन आणि दोन याद्या.