डांबराची कढई आणि मजुराचा हात

मृग तोंडावर आला कीं अमरावती-अकोल्याच्या गच्च्यांवर डांबराच्या कढया चढतात. वऱ्हाडांतलीं धाब्याचीं घरें मोडून स्लॅबचीं झालीं, स्लॅब गळूं लागले, आणि गळती बुजविण्याचें काम भर उन्हाळ्यांत मजुराच्या माथीं आलें. हें डांबर २०० अंशांच्या आसपास तापवितात. म्हणजे उकळत्या पाण्याच्या दुप्पट. पाणी अंगावरून ओघळून तरी जातें. डांबर कातडीला चिकटतें व आंत भाजीत राहतें. कढईंत थोडें पाणी गेलें तरी त्याची वाफ होऊन सारें डांबर फेंसाळून बाहेर उसळतें. आणि त्यापुढें उभा असणाराच्या पायांत स्लीपर, अंगांत फाटका बनियन, हाताला फडकें!

हात भाजला कीं "मजूर बेफिकीर" असा निवाडा सावलींत बसलेले लोक देतात. आम्हांस तो मान्य नाहीं. १९९६ सालीं बांधकाम मजुरांसाठीं कायदा झाला. बांधकामावरील उपकराच्या पैशांतून राज्याच्या मंडळानें नोंदलेल्या मजुरांस बूट, हातमोजे, चष्मे वांटले. पण नोंदणीस वर्षांत ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागे. आज ह्या गच्चीवर, उद्यां त्या गच्चीवर राबणाऱ्यास तो देणार कोण? ज्यास संच मिळाला त्याचाही तो ट्रंकेंत पडला, ह्यालाही कारण आहे. मे २०२४ मध्यें अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला, तेव्हां कलम १४४ लावून मजुरांच्या पाण्या-सावलीची सक्ती करावी लागली. अशा दुपारीं जाड सदरा व बंद बूट घालून कढईपाशीं उभा राहणारा भाजण्यांतून वांचेल, पण उष्माघातानें पडेल. म्हणून साधनें व वेळ हीं एकत्रच मागितलीं पाहिजेत. पहांटे पांचला काम सुरू, दहाला कढई खालीं. चामडी हातमोजे, बुटांवरून सोडलेली विजार, तोंडापुढें पारदर्शक ढाल. आणि मजुरी पुऱ्या दिवसाची. ठेकेदार म्हणेल, परवडत नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढारीपणाखालीं गिरणीकामगारांनीं १८८४ सालीं मागितलेली आठवड्याची सुटी १८९० सालीं मिळाली. मागणाऱ्यांनीं सहा वर्षें पिच्छा सोडला नाहीं.

मजूर बंधूंनो, डांबर अंगावर पडलें तर ओढून काढूं नका. कातडी सोबत येते. रॉकेल, पेट्रोल, हळद कांहीं लावूं नका. वीस मिनिटें साध्या पाण्याची धार धरा व तसेच दवाखान्यांत जा. डांबर डॉक्टर काढील. त्यासाठीं भरलेला पिंप गच्चीवर, कढईपासून दूर, आधींच हवा. तो घरमालकानें भरून ठेवावा; नळ त्याचाच आहे.