पाइपालाही श्वास लागतो

दरवर्षी ११ मार्चला जागतिक प्लंबिंग दिन असतो. या निमित्ताने आपल्या धंद्यातल्या दोन जुन्या तक्रारींबद्दल लिहितो आहे: गळती आणि गुडगुड. गळतीसाठी गिऱ्हाईक धावत येतं, कारण ती डोळ्यांना दिसते. गुडगुड मात्र वर्षानुवर्षं तशीच चालू राहते. आपणही तिच्याकडे पुरेसं लक्ष देत नाही, आणि तिथेच आपलं चुकतं, असं मला वाटतं.

पुण्याच्या सदाशिव पेठेतली गोष्ट आहे. जुना वाडा पाडून बांधलेली तीनमजली इमारत. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी बोलावलं होतं. ‘अहो, आमची नाहणी बोलते हो,’ त्या म्हणाल्या. ‘रोज सकाळी साडेसहा ते आठ. आणि मग दिवसभर वास.’ माझ्याआधी तिघे येऊन गेले होते. एकाने ॲसिड ओतलं, दुसऱ्याने स्प्रिंग फिरवली, तिसऱ्याने फरशी फोडून नाहणी ट्रॅपच बदलला. आठवड्याभरात आवाज पुन्हा सुरू. वरच्या दोन मजल्यांवर कॉट बेसिसवर राहणारी, स्पर्धा परीक्षांची मुलं. एका कुटुंबासाठी टाकलेल्या लाइनवर सकाळच्या दीड तासात दहा-बारा जणांच्या आंघोळी.

मी जाळी काढली, ट्रॅपमध्ये बॅटरीचा उजेड टाकला आणि म्हटलं, ‘आजी, वरच्या मुलांना फ्लश करायला सांगता?’ त्यांनी जिन्यातून हाक मारली. वर पाणी सुटलं तसं ट्रॅपमधलं पाणी आधी थरथरलं, मग दोन बोटं खाली गेलं आणि पाठोपाठ बुडबुडे निघाले. पाणी खाली गेलं, याचा अर्थ ते कुणीतरी ओढत होतं. तुंबलेली लाइन पाणी ओढत नाही. गच्चीवर गेलो. चायना मोझॅक करताना आडवा येतो म्हणून व्हेंट पाइप बुडाशी कापला होता आणि त्याला एंड कॅप मारली होती. ती कॅप काढली, पाइप वाढवून उंच नेला, तोंडाला जाळीची टोपी बसवली. खाली येऊन पुन्हा फ्लश करवला. ट्रॅपमधलं पाणी जरासं हललं आणि जागच्या जागी राहिलं.

घडलं होतं ते इतकंच. उभ्या पाइपातून पाण्याचा लोंढा खाली जातो, तेव्हा त्याच्यामागे हवा विरळ होते. ती पोकळी भरायला वरून हवा आली पाहिजे. वरचं तोंड बंद असेल, तर पाइप जवळच्या ट्रॅपमधलं पाणी फोडून घरातली हवा आत खेचतो. गुडगुड म्हणजे पाइपाचं हे हवा मागणं. ट्रॅपमध्ये पाण्याचा निदान ५० मिलीमीटरचा सील असतो. घर आणि ड्रेनेज यांच्यामध्ये तेवढाच काय तो पडदा. तो ओढला गेला की ड्रेनेजची हवा थेट न्हाणीघरात येते.

हा पडदा हटला तर काय होऊ शकतं, हे २००३ साली हाँगकाँगमधल्या अमॉय गार्डन्स वसाहतीत दिसलं. सार्सची लागण तिथल्या तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. तपासात ज्या गोष्टींवर बोट ठेवलं गेलं, त्यात न्हाणीघरांतले कोरडे पडलेले ट्रॅप आणि एक्झॉस्ट पंख्यांनी त्यातून आत ओढलेली हवा ठळक होती. ट्रॅपमधलं दोन बोटं पाणी किती जणांना जपतं, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

गुडगुड दोन तऱ्हेची असते, आणि औषध ठरवण्याआधी तऱ्हा ओळखली पाहिजे. वर पाणी सोडल्यावर ट्रॅपमधलं पाणी खाली जात असेल, तर ती ओढ आहे. गच्चीवर जा, व्हेंट पाहा. तो कापलेला, शेडखाली दडलेला किंवा पाखरांच्या काड्यांनी भरलेला सापडेल. पाणी उलट वर उसळत असेल, तर तो दाब आहे. मग खालचं चेंबर उघडा आणि उभ्या पाइपाच्या पायथ्याचा बेंड पाहा. तिथे एका ९०च्या एल्बोऐवजी दोन ४५चे बेंड टाकले, तर लोंढा आपटत नाही. तळमजल्याची नाहणी तर उभ्या पाइपाला जोडूच नये, तिची वेगळी लाइन थेट चेंबरला न्यावी. ॲसिडने यातलं काहीच सुटत नाही, उलट ट्रॅप आणि सांधे खराब होतात.

चेंबर उघडा म्हटलं, म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतो. उघडा, पण आत उतरू नका आणि हाताखालच्या पोराला उतरवू नका. त्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला तर नाकच बधिर होतं आणि ‘वास गेला’ असं वाटतं. माणूस कोसळतो तो त्यानंतर. मैला साफ करायला माणूस उतरवण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे. सोसायटीचे चेअरमन घाई करतील, जास्त पैसे देऊ करतील. नाही म्हणा. यंत्राची गाडी येईपर्यंत थांबता येतं.

हवेचा हाच खेळ पिण्याच्या पाण्याच्या लाइनमध्येही चालतो. गच्चीवरची टाकी धुऊन भरली की नळ फुरफुरतो, थुंकतो, एखाद्या खोलीत पाणीच येत नाही. पॅरापेटवरून उंच उडी मारून गेलेल्या लाइनच्या माथ्यावर हवा अडकलेली असते. टाकीतून खाली येणाऱ्या लाइनला व्हॉल्व्हनंतर लगेच एक टी टाकून एअर पाइप टाकीच्या माथ्याच्या वर न्यावा, तोंड खाली वळवावं, जाळी लावावी. खर्च किरकोळ. हा पाइप आणखी एक काम करतो. टाकी रिकामी झाली किंवा व्हॉल्व्ह बंद केला, की खालचे नळ उघडताच लाइनमध्ये ओढ तयार होते. लाइन भरलेली असताना जो सांधा पाणी बाहेर टाकतो, तोच सांधा अशा वेळी बाहेरचं पाणी आत घेतो. भिंतीतला तो सांधा सांडपाण्याच्या पाइपाला चिकटून असेल, तर काय आत जाईल ते सांगायला नको. थेंबथेंब गळणारा सांधा म्हणजे नुसता पाण्याचा अपव्यय नाही. तो घराच्या पाण्याला पडलेलं भोक आहे.

गळती शोधतानाही हात शिवशिवण्याआधी डोकं चालवावं. भिंतीवरची ओल बारा महिने सारखी असेल, तर संशय नळाच्या लाइनवर. आंघोळीनंतर वाढत असेल, तर सांडपाण्यावर किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगवर. फक्त पावसाळ्यात येत असेल, तर गच्चीवर आणि बाहेरच्या भिंतीवर. टाकीचा संशय असेल, तर रात्री येणारा आणि जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरली, तर टाकीच गळते. दुसऱ्या रात्री जाणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवून घरातले सगळे नळ बंद ठेवावेत. त्या रात्री उतरली, तर लाइन गळते. फ्लश टाकीत शाईचे चार थेंब टाकून अर्धा तास वाट पाहावी. भांड्यात रंग उतरला, तर आतला वॉशर गेला. गिऱ्हाइकाला गळतीचं मोलही दाखवावं. एक लिटरचा मग तासाभरात भरत असेल, तर दिवसाला २४ लिटर आणि वर्षाला ८,७६० लिटर पाणी गेलं. आपण आकडा सांगण्यापेक्षा मग त्यांच्याच हातात द्यावा.

आणि सांधा असा करावा की पुन्हा यावं लागू नये. जी.आय.ला सूत आणि सफेदा, सी.पी.व्ही.सी.च्या आट्यांना टेप. प्लास्टिकच्या आट्यांवर पाना लावून जोर करू नये. आज घट्ट वाटतो तोच सॉकेट सहा महिन्यांनी उभा चिरतो. सोल्युशन वाळायला वेळ द्यावा. प्लास्टरच्या आधी रात्रभर प्रेशर टेस्ट लावावी आणि सकाळी गेजचा काटा मालकाला दाखवावा.

मी जिथे बसून हे लिहितो, त्या पेठेला पाण्याचा वारसा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ आला. पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावकडून आणलेल्या नळाने सदाशिव पेठेचा हौद भरू लागला. पंप नाही, वीज नाही, सगळा हिशेब उताराचा. कात्रजच्या नळावर ठरावीक अंतराने बांधकामाची उभी धुराडी ठेवली होती. त्यातून अडकलेली हवा निघून जाई आणि माणसाला आत उतरून गाळही काढता येई. त्यांचं नाव ‘उच्छ्वास’. त्या कारागिरांना पाण्याइतकीच हवेची वाट महत्त्वाची वाटली, म्हणून त्यांनी तिला दगडचुन्याने पक्कं घर बांधून दिलं.

आज पेठेत वाड्यांच्या जागी पुनर्विकासाच्या इमारती उभ्या राहत आहेत. डक्ट अरुंद होतात, गच्चीवर शेड पडतात, आणि खर्च वाचवायचा म्हटलं की पहिली कात्री व्हेंट पाइपावर चालते. राष्ट्रीय बांधकाम संहितेचा (२०१६) नववा भाग प्लंबिंगवर आहे आणि व्हेंट पाइपाचे नियम त्यात दिलेले आहेत. बिल्डरशी किंवा आर्किटेक्टशी बोलताना तो हाताशी ठेवा. ‘वर हवा कुठून घेणार?’ हा प्रश्न काम घेण्याआधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत पाइप कापू नका.

आणखी एक मागणं. काम झाल्यावर लाइन कुठून कुठे गेली, व्हॉल्व्ह कुठे आहेत, व्हेंट कोणता, याचं साधं रेखाटन करून डक्टच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. खाली तारीख आणि आपलं नाव लिहा. आजींच्या घरची फरशी फुटली, ती असा कागद नव्हता म्हणून. कात्रजचा नळ जमिनीखाली कुठून गेला आहे, हे वर दिसणाऱ्या उच्छ्वासांवरून कळतं. आपल्या लाइनचा माग पुढच्या प्लंबरला तितकाच सहज लागला पाहिजे.