जरा जवळ सरका!

घरातल्या सगळ्यांचा मिळून एक चांगला फोटो काढायचा, हा बेत कितीतरी घरांत दर दिवाळीला ठरतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत बारगळतो. कधी मोठे दादा टूरवर असतात, कधी धाकट्याची परीक्षा असते, तर कधी वहिनींना नेमका त्याच दिवशी स्वतःचा चेहरा सुजल्यासारखा वाटतो. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. फोटोंना तोटा नाही. पण अख्खं घर एकत्र असलेला फोटो दाखवा म्हटलं, की लग्नाचा अल्बमच कपाटातून काढावा लागतो. मग कधीतरी आजोबांची पंच्याहत्तरी येते किंवा आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होतात, कुणीतरी मनावर घेतं आणि घरी चक्क फोटोग्राफर बोलावला जातो.

या अनोळखी पाहुण्याला आपलं घर कसं दिसत असेल?

इंदूरला अशा एक मराठी फोटोग्राफर बाई आहेत. लग्नमुंजीची कामं त्या घेत नाहीत. त्यांचं काम फक्त माणसांचं आणि कुटुंबांचं. वीसेक वर्षांत मराठी, माळवी, सिंधी, गुजराती अशी कितीतरी घरं त्यांनी आतून पाहिली आहेत. ‘माझं नाव मात्र छापू नका हं, नाहीतर गिऱ्हाइकं आपापल्या घरच्या गोष्टी ओळखतील,’ एवढी एकच अट घालून त्या मोकळेपणानं बोलल्या.

पहिल्या भेटीला त्या कॅमेरा नेतच नाहीत. नुसत्या चहाला जातात. नव्या गिऱ्हाइकांना याचं नवल वाटतं, काहींना तर शंकाही येते की बाई याचे वेगळे पैसे लावणार! पण त्या चहाच्या अर्ध्या तासात त्यांचं निम्मं काम झालेलं असतं. कोणत्या खिडकीतून उजेड येतो, भिंतीवर आधीपासून कोणाचे फोटो आहेत, आजोबांची खुर्ची कोणती, हे त्या बघून घेतात. त्याहून जास्त लक्ष माणसांकडे. ‘सूनबाईंना मी विचारते, तुम्हाला कुठला रंग आवडतो? उत्तर सासूबाई देतात. मग मला कळतं, फोटोच्या दिवशी सूनबाईंशी आधी जरा एकटीनं बोलायला हवं.’

लहान मुलांच्या बाबतीत तर पहिली दहा मिनिटं त्या मुलाकडे बघतसुद्धा नाहीत. आल्या आल्या गालगुच्चा घेणाऱ्या मावशीपासून मूल पळतं, हा अनुभव आपल्यालाही आहेच. त्या खाली सतरंजीवर बसतात आणि भिंगाचं झाकण जमिनीवर ठेवून देतात. थोड्या वेळानं मूलच ते उचलून त्यांना आणून देतं. ‘इकडे बघ, चिमणी उडणार’ हा आपला पिढीजात खोटेपणा त्यांना आवडत नाही. चिमणी उडत नाही हे दुसऱ्याच फोटोला मुलाच्या लक्षात येतं आणि मग ते आपल्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही, असं त्या म्हणतात. आणि वेळ? मुलाची झोप होऊन पोट भरलेलं असेल ती वेळ. मुहूर्त बघायचाच असेल तर तो एवढाच.

खरा प्रसंग सुरू होतो तो सगळे उभे राहायला लागले की. मधल्या खुर्चीवर कोण, त्यांच्या उजवीकडे कोण, जावयानं मागे उभं राहायचं की पुढे बसायचं, यावरून पाच मिनिटांत घराचा सारा इतिहास समोर येतो. भाऊ-भाऊ दोन टोकांना उभे राहिले की बाई काही विचारत नाहीत. आणि ‘सगळे आले का?’ म्हटल्यावर ‘हो, हो, आले’ असं उत्तर मिळालं, तरी त्या एकदा स्वयंपाकघरात डोकावतातच. तिथे हमखास कुणीतरी असतं. बहुतेक वेळा कढई उतरवणारी सून, नाहीतर ‘मी कशाला?’ म्हणणारी एखादी मावशी किंवा आत्या.

बायकांना फोटोत आणण्याचा हा खटाटोप काही आजचा नाही. राजा दीनदयाळ यांचं नाव आपण ऐकलेलं असतं. ते याच इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी इथेच कॅमेरा हाती घेतला. पुढे ते हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास पडद्यातल्या स्त्रियांसाठी जनानी स्टुडिओ उघडला आणि तो चालवायला मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाई नेमल्या. पुरुषासमोर येता येत नाही म्हणून या बायकांचा फोटोच निघू नये, हे त्यांना पटलं नसावं. धंद्याचीही दृष्टी होतीच म्हणा! त्या मानानं आज पडदा उरलेला नाही, तरी फोटोच्या वेळी बाई स्वयंपाकघरातच असते, हे कोडं मात्र मला उलगडलेलं नाही.

एका घरी असंच झालं. विधवा आत्या भावाच्याच घरी राहणाऱ्या. दोन्ही भाचे त्यांच्या मांडीवर वाढलेले. फोटोच्या वेळी मात्र त्या दाराला टेकून उभ्या. ‘आत्या, या ना,’ म्हटल्यावर म्हणाल्या, ‘हा तुमच्या घरचा फोटो, त्यात माझं काय काम?’ आणि गंमत म्हणजे घरातलं कुणीही ‘असं काय म्हणतेस?’ म्हणालं नाही. बाईंनी दोन फोटो आत्यांशिवाय काढले. मग कॅमेऱ्यातून बघत कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, ‘डावीकडे तोल जातोय. उंचीनं बेताचं एक माणूस हवंय तिथे. आत्या, मला जरा मदत करता का?’ मदत म्हटल्यावर आत्या आल्या. आयुष्यभर त्याच हाकेला तर त्या येत होत्या.

पुढे फोटो निवडायची वेळ आली तेव्हा घरच्यांनी दिवाणखान्यासाठी पहिला, म्हणजे आत्या नसलेलाच फोटो निवडला. बाई काही बोलल्या नाहीत. गिऱ्हाइकाची निवड! पण महिन्याभरानं त्यांना धाकट्या भाच्याचा फोन आला. तो वसतिगृहात राहून शिकत होता. ‘तो दुसरा फोटो मला हवाय. पैसे मी देईन, घरी बिल पाठवू नका.’

आता थोडं आयांविषयी. ‘मी जाड झालेय, बारीक झाले की काढू’ हे वाक्य बाई इतक्या वेळा ऐकतात की म्हणायच्या आत त्यांना ते ओठांवर दिसतं. यामागचं एक कारण मोठं मजेदार आहे. आपण स्वतःला रोज बघतो ते आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटं. भांग आपल्याला ज्या बाजूला दिसतो, त्याच्या विरुद्ध बाजूला तो जगाला दिसतो. १९७७ साली अमेरिकेतल्या मिटा, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. त्यांचा स्वतःचा कल उलट्या फोटोकडे होता आणि त्यांच्या मैत्रिणींचा सरळ फोटोकडे! म्हणजे जो फोटो बघून आपण ‘शी, ही मी नाहीच’ म्हणतो, तोच घरातल्यांना ‘अगदी तूच’ वाटत असतो. तेव्हा आईचा फोटो आईला निवडायला लावू नये, मुलांना निवडू द्यावा, असा बाईंचा आग्रह असतो.

दुसरं कारण मात्र साधं आहे. मोबाइलनं फोटो काढताना भिंग रुंद कोनाचं असतं आणि अशा भिंगात कडेची माणसं बाजूला ताणली जातात. एरवीची सडपातळ बाई टोकाला उभी राहिली की दीडपट दिसते. टोकाला उभं कोण राहतं? ज्यांनी सगळ्यांना आधी उभं राहू दिलं त्याच! म्हणून बाई लांब जाऊन फोटो काढतात, आणि मग तिथून ‘जरा जवळ सरका’ म्हणून ओरडतात. वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं या एका हुकमावर खांद्याला खांदा लावतात, हा त्यांचा अनुभव. निदान तेवढ्यापुरती तरी!

डोळे मिटण्याचं काय करायचं? या प्रश्नावर ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या जोडीनं खरोखरच गणित मांडलं आणि २००६ चं इग नोबेल हे गंमतीचं पारितोषिक मिळवलं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीननं भागा आणि कमी उजेडात दोननं. म्हणजे गच्चीवर बाराजण असतील तर चार फोटो काढा, संध्याकाळी दिवाणखान्यात असतील तर सहा. त्यातल्या एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळतील, याची जवळजवळ खात्री. बाईंना हे गणित सांगितलं तर हसल्या. ‘तुमच्या त्या शास्त्रज्ञांना म्हणावं, आमच्या एका काकांसाठी वेगळं सूत्र काढा!’

सगळेच अनुभव असे हसण्यावारी नेण्यासारखे नसतात. लग्नाच्या स्थळांसाठी मुलीचा फोटो काढायला आईवडील येतात आणि मुलीसमोरच सांगतात, ‘जरा उजळ येऊ द्या.’ पूर्वी हे काम शिसपेन्सिलनं व्हायचं. निगेटिव्हवर बारीक टोकानं हलके हलके फराटे मारून रिटचिंग करणारे कारागीर स्टुडिओत असत. वांग, सुरकुत्या, मुरुमांचे डाग ते असे घालवत की ओळखू येऊ नये. आता हेच मोबाइल न सांगता करतो. त्यामुळे बाई नाही म्हणाल्या की आईवडिलांना तो आळस वाटतो. ‘मी त्यांना विचारते, ते लोक मुलीला प्रत्यक्ष बघणारच आहेत ना? मग तेव्हा काय करणार?’ त्यावर कुणाकडे उत्तर नसतं. एकदा मात्र त्या विचारायच्या आत मुलगीच उठली, समोरच्या आरशाजवळ गेली, चेहऱ्यावरची पावडर रुमालानं पुसून आली आणि म्हणाली, ‘आता काढा.’ आई रागावली होती, वडील खाली बघत होते. तो फोटो बाईंनी एकाच फटक्यात घेतला. त्या मुलीचं लग्न कुठे झालं, झालं की नाही, हे त्यांना माहीत नाही. गिऱ्हाइकं दाराबाहेर गेली की गोष्ट बहुतेक वेळा तिथेच तुटते.

असा फोटो घरच्या घरी काढायचा असेल तर दोनचार गोष्टी बाई सांगतात. सगळ्यांनी एका रंगाचे कपडे घालून बँड पथक होऊ नये, पण बारीक चौकडी आणि मोठमोठी अक्षरं असलेले शर्ट टाळावेत. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करून खिडकीकडे तोंड करावं. आणि छापलेल्या फोटोमागे किंवा अल्बमच्या पानावर तारीख आणि सगळ्यांची नावं त्याच दिवशी लिहावीत. ‘आपल्याला काय, पाठ आहेत’ असं वाटतं, पण आपल्या आजीच्या ट्रंकेतल्या फोटोतली निम्मी माणसं आज आपल्याला ओळखता येत नाहीतच ना?

एक काम नव्या घरी जाताना त्यांना सगळ्यात अवघड वाटतं. मुलगा बाजूला घेऊन हळूच सांगतो, ‘बाबांचा एकट्याचा एक चांगला फोटो काढून ठेवा.’ कशासाठी, ते कुणी बोलत नाही. पण लग्नाच्या घोळक्यातून कापून मोठा केलेला पुसट चेहरा भिंतीवर लावायची वेळ कितीतरी घरांवर येते, हे सगळ्यांना माहीत असतं. अशाच एका घरी ऐंशीच्या पुढचे आजोबा होते. मुलानं त्यांना कोट चढवला, टोपी नीट केली आणि खुर्चीवर ताठ बसवलं. आजोबांनी मुलाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि म्हणाले, ‘वर थोडी जागा सोड हो पोरी, हार बसला पाहिजे.’ मुलगा कानकोंडा होऊन आत निघून गेला.

बाईंनी गंभीर चेहऱ्याचा तो फोटो काढला. आजोबांनी विचारलं, ‘याचे किती घेतेस?’ त्यांनी आकडा सांगितला. आजोबा आधी अवाक झाले, मग ‘अगं, एवढ्यात आमचं लग्न झालं!’ म्हणून टोपी हातात घेऊन असे काही खदखदून हसले की बाईंचं बोट आपसूकच कॅमेऱ्यावर गेलं. कोटातला फोटो मुलानं नीट बांधून कपाटात ठेवलाय. टोपी हातात घेतलेला दिवाणखान्यात लागलाय, आणि आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची किंमत सांगतात.