दस्तरखान : स्वीडनचे कोफ्ते आणि त्यांचे सोबती

आमचा भाचा दोन वर्षांपासून स्वीडनमधील माल्मो शहरात शिकतो. फोनवर त्याच्या अम्मीचा, म्हणजे आमच्या आपांचा, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बेटा, जेवलास काय?" त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले : "कोफ्ते." आपांना ते कधी खरे वाटले नाही. पोरगा आपल्याला बरे वाटावे म्हणून सांगतो, खरे तर ब्रेडवर दिवस काढत असेल, असे त्या आम्हाला हळूच म्हणत.

यंदा सुट्टीत तो घरी आला आणि म्हणाला, "आज मी करून दाखवतो." अर्धा किलो मटण खिमा, दुधात भिजवलेला ब्रेडचा चुरा, लोण्यात परतलेला कांदा, एक अंडे, मीठ, पांढरी मिरी आणि ऑलस्पाइसची चिमूट. बस्स. अक्रोडाएवढे गोळे करून त्याने ते लोण्यात तांबूस तळले. आम्ही सवयीप्रमाणे शेजारी चपात्या ठेवल्या, पुदिन्याची चटणी ठेवली. चटणीने त्या सौम्य चवीला पार दाबून टाकले. आपांनी एक कोफ्ता खाऊन ताट बाजूला सारले. "हेच खातोस का रे तू?" म्हणताना त्यांचा आवाज भरून आला.

भाचा म्हणाला, "अम्मी, कोफ्त्यांची चूक नाही. त्यांचे सोबतीच ताटात नाहीत."

ही गोष्ट आम्हाला पटली. आपल्या कोफ्त्यात मसाला आणि सालन मिळून सगळी चव असते. स्वीडनमध्ये ती ताटभर वाटलेली असते : मऊपणा बटाट्यात, आंबटगोड फळात, तजेला काकडीत, स्निग्धपणा सॉसमध्ये. एक जरी वगळले तरी जेवण अपुरे लागते. दुसऱ्या दिवशी आम्ही हे चारही सोबती केले. सहा माणसांसाठी त्यांची कृती देत आहोत.

बटाटे : एक किलो बटाटे सोलून मिठाच्या पाण्यात उकडा. पाणी काढून टाका आणि गरम असतानाच हाताने कुस्करा. मिक्सर वापरू नका, बटाटा चिकट होतो. ५० ग्रॅम लोणी, एक कप गरम दूध, मीठ आणि थोडे जायफळ घालून घोटा. एवढा त्रास नको असेल तर नुसते उकडलेले बटाटेही चालतात. तिकडे कित्येक घरी तेच असतात. अर्धा किलो खिमा सहा जणांना पुरतो तो या बटाट्यांमुळेच.

दाबलेली काकडी : दोन काकड्यांच्या अगदी पातळ चकत्या करा, मीठ लावा, वर ताटली आणि तिच्यावर वजन ठेवा. अर्ध्या तासाने सुटलेले पाणी फेका. आता आंबटगोड पाणी. स्वीडिश गृहिणी त्याचे माप एक-दोन-तीन असे लक्षात ठेवतात : एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. पण त्यांचे व्हिनेगर १२ टक्के तीव्रतेचे असते. आपल्याकडे बाटलीवर ४ टक्के लिहिलेले असेल, तर तीन भाग व्हिनेगर, एक भाग पाणी आणि दोन भाग साखर घ्या. आंबटपणा तेवढाच येतो. साखर विरघळवून ते काकडीवर ओता, पांढरी मिरी आणि चिरलेली पार्सली घाला, तासभर गार करा.

लिंगन : ही स्वीडनच्या जंगलात उन्हाळ्याच्या शेवटी पिकणारी लाल, आंबट, मण्याएवढी फळे. तिथल्या रिवाजाप्रमाणे जंगल कोणाच्याही मालकीचे असो, रानफळे वेचायला सर्वांना मुभा असते. या फळात नैसर्गिकरीत्याच बेंझोइक आम्ल असते, म्हणून नुसत्या साखरेत घोटून ठेवले तरी ते टिकते. शिजवावे लागत नाही. आमच्याकडे लिंगन कुठून येणार? आम्ही घरचा करवंदाचा मुरंबा वाढला. तो शोभला. मात्र फार गोड नको, जीभ जरा आंबली पाहिजे.

सॉस : कोफ्ते तळलेल्याच तव्यात दोन चमचे लोणी आणि दोन चमचे मैदा परता. दीड कप मटणाचे पाणी हळूहळू घाला, गुठळी होऊ देऊ नका. अर्धा कप साय किंवा क्रीम आणि एक चमचा सोया सॉस घालून पाच मिनिटे उकळा.

बाजारातून काही तयार आणणार असाल तर बाटलीवरचे बारीक अक्षर जरूर वाचा. काही सोया सॉसमध्ये अल्कोहोल असते, काही जॅममध्ये जिलेटिन. परदेशी राहणाऱ्या भगिनींनी तयार कोफ्त्यांच्या बाबतीत तर फारच जपावे, कारण स्वीडनमध्ये ते बहुधा गाय आणि डुक्कर यांच्या मिश्र खिम्याचे करतात.

याच खिम्यावरून जेवताना एक गोष्ट निघाली, जी भाच्याने फोनवर कधी सांगितली नव्हती. पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या मजल्यावरच्या एका वृद्ध बाईंनी त्याला जेवायला बोलावले होते. त्याने संकोचत आपली अडचण सांगितली. बाई रागावल्या नाहीत. "मग खिमा तू आण, तुझ्या दुकानातून," म्हणाल्या. तो घेऊन गेला तर त्यांनी नवा तवा काढून ठेवलेला! तेव्हापासून तो तवा त्याच्यासाठी वेगळा असतो आणि दर रविवारी हे चार सोबती मांडून त्या त्याची वाट पाहतात.

आपा कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी काकडीची वाटी पुढे ओढली, एक चकती तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "ही तर कोशिंबीरच की. दाण्याचा कूट तेवढा राहिला." त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. दोन वर्षे त्यांच्या घशात अडकलेला घास उतरला, असे आम्हाला वाटले.

चार कोफ्ते उरले तर दुसऱ्या दिवशी अर्धे कापून ब्रेडवर ठेवा. उकडलेले बीट आणि सफरचंद बारीक चिरून थोड्या मेयोनीजमध्ये कालवा आणि ते खाली पसरा. स्वीडनमध्ये शिळ्या कोफ्त्यांचा असा सँडविच आवडीने खातात. मुलांच्या डब्याला उत्तम.

मागच्या आठवड्यात भाचा परत गेला. आपांनी त्याच्या बॅगेत करवंदाच्या मुरंब्याच्या दोन बरण्या कपड्यांत गुंडाळून ठेवल्या. एकीवर त्याचे नाव लिहिले. दुसरीवर काय लिहायचे ते त्यांना सुचेना, कारण बाईंचे नाव उच्चारायला कठीण. शेवटी भाच्याकडून अक्षरे विचारून घेत त्यांनी ते देवनागरीतच लिहिले.