श्रद्धेची गळती आणि विद्यापीठावरचा आळ

अमेरिकेतील कॅथलिक पालकांत एक समजूत घट्ट रुजलेली आहे. ती अशी की, घरी जपलेली श्रद्धा विद्यापीठाच्या चार वर्षांत वाहून जाते आणि त्याला प्राध्यापकांचा बुद्धिवाद कारणीभूत असतो. आकडे मात्र उलटे बोलतात. युकर, रेग्नेरस व व्हालर या समाजशास्त्रज्ञांच्या २००७ च्या अभ्यासात (तो केवळ कॅथलिकांपुरता नव्हता) चार वर्षांच्या पदवीसाठी शिकणाऱ्यांपैकी ६४ टक्के तरुणांचे उपासनेला जाणे कमी झालेले आढळले, तर महाविद्यालयाची पायरीही न चढलेल्यांत हेच प्रमाण ७६ टक्के होते. धर्मच सोडून दिलेल्यांची संख्या दोन्हीकडे याहून बरीच कमी होती.

यावर असा आक्षेप येतो की, कॅथलिक धर्मात मिस्सा, म्हणजे ज्यात भाकर व द्राक्षारस ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात असे मानले जाते तो उपासनाविधी, ऐच्छिक नसून रविवारी तिला हजर राहणे धर्मनियमानेच बंधनकारक आहे, तेव्हा मिस्सा चुकवणाऱ्याची श्रद्धा शाबूत कशी मानायची? आक्षेप वजनदार आहे. पण त्याने गळती सिद्ध होते, गुन्हेगार सापडत नाही.

प्राध्यापक मुलांची नैतिक मतेही सैल करतात, हा आरोप तर इतिहासालाच धरून नाही. कृत्रिम गर्भनिरोधन निषिद्ध ठरवणारे ‘हुमाने विते’ हे पोप सहावे पॉल यांचे परिपत्रक १९६८ चे. ते अमेरिकेतील बहुसंख्य कॅथलिक दांपत्यांनी तेव्हाच आचरणात बाजूला ठेवले. आजीआजोबांनी घेतलेल्या मोकळिकीचे बिल नातवाच्या प्राध्यापकाच्या नावे फाडणे सोयीचे असेल, न्यायाचे नाही.

आचरण टिकते ते मुख्यतः जवळीक आणि सोबत यांवर. नोत्र दाम या अमेरिकेतील कॅथलिक विद्यापीठात पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या प्रत्येक वसतिगृहात प्रार्थनालय आहे. रविवारी रात्री तेथे मिस्सा होते, मुले खोलीतल्याच कपड्यांत जिना उतरून येतात आणि शेजारच्या खोलीतला मित्र बाकावर शेजारी असतो. कॅथलिक नसलेल्या विद्यापीठांत हेच काम न्यूमन केंद्रे, म्हणजे कॅथलिक विद्यार्थ्यांसाठीची धर्मकेंद्रे, करू पाहतात. त्यांची सुरुवात १८९३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मंडळाने झाली. अर्थात रात्रीच्या मिस्सेला नेमाने येणारा विद्यार्थी गर्भनिरोधनाबाबत पोपमहोदयांशी सहमत असेलच असे नाही, आणि सहमत असलेला सकाळी वेळेवर उठेलच असेही नाही. म्हणून श्रद्धा, आचरण व नैतिक मत या तिन्हींची मोजणी एकाच प्रश्नात उरकणाऱ्यांच्या निष्कर्षांवर विसंबता येत नाही.