खोली मिळण्याआधीच हार पडले



तीन वर्षांपूर्वी आम्ही काही कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या मुलींसाठी अभ्यासिका काढायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तर एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर चहा पिताना विषय निघाला आणि सगळ्यांना पटला. खोली नव्हती. भाडं कोण भरणार ते ठरलं नव्हतं. रात्री मुलींना घरी सोडायला कोण जाणार, हा प्रश्न कुणाला सुचलाही नव्हता. पण १४ एप्रिल दहा दिवसांवर होती. जयंतीच्या स्टेजवरून आम्ही घोषणा करून टाकली. टाळ्या पडल्या, हार पडले, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरले.

पुढचं तुमच्यापैकी अनेकांनी आपापल्या वस्तीत पाहिलं असेल. पहिली बैठक अध्यक्ष कोण यावर गेली, दुसरी बोर्डावर कुणाचं नाव आधी यावर. हे सगळं नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी चाललंय, असं एका गटाने ठरवून टाकलं. एक घरमालक खोली द्यायला तयार होता. अभ्यासिका 'कुणाची' हे कानावर गेल्यावर त्याचा भाचा अचानक तिथे राहायला येणार असल्याचं निघालं. तिसऱ्या महिन्यात विषय संपला. बारावीतल्या दोन मुली मात्र वर्षभर विचारत राहिल्या, "अभ्यासिका कधी सुरू होणार?"

घरमालकाची जात बोलली, हे खरंच आहे. पण भाडेकरार व्हायच्या आधी गावभर बोंब कुणी केली? आम्हीच. आणि खरं सांगायचं तर त्या टाळ्यांनी आमचं पोट भरलं होतं. काम केल्याचं समाधान काम न करताच मिळालं, मग खोल्या शोधत उन्हात कोण फिरणार?

यावर एक साथी हमखास विचारतो, बाबासाहेबांनीही येवल्याला आधीच जाहीर केलं होतं ना? केलं होतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला. पण काय जाहीर केलं, तेही पाहा. हिंदू धर्म सोडणार, एवढं. कुठे जाणार, ते सांगितलं नाही. जे ठरलं होतं ते बोलले. जे ठरायचं होतं त्याचा अभ्यास सुरू ठेवला. पुढच्या मे महिन्यात मुंबईत परिषद घेऊन प्रश्न आपल्याच लोकांपुढे मांडला. १९३६ मध्येच शीख धर्माबाबत डॉ. मुंजे यांच्याशी बोलणी झाली. मुंजेंनी ती एम. सी. राजा यांना पत्राने कळवली, राजांनी गांधींपर्यंत नेली, आणि पत्रव्यवहार वर्तमानपत्रांत छापून आला. तो विचार मागे पडायला हे एकच कारण होतं असं आम्ही म्हणणार नाही. पण कच्चा विचार बाहेर फुटला की तो विरोधकांच्या हाती कसा जातो, ते इथे स्वच्छ दिसतं.

१९५० नंतर बाबासाहेब बुद्धाबद्दल उघडपणे बोलू-लिहू लागले, तोवर येवल्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा उभी राहिली आणि दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. बावीस प्रतिज्ञा तयार होत्या. धम्मावरच्या ग्रंथाचं लेखनही झालं होतं; तो छापून आला त्यांच्या पश्चात, १९५७ मध्ये.

म्हणजे सगळं गुपचूप करायचं का? नाही. चार जणांनी दार लावून ठरवायचं आणि समाजाने मान डोलवायची, ही आपली परंपरा नव्हे. प्रश्न आधी कुणाशी बोलायचं हा आहे. आम्ही आमदाराच्या माणसाला सांगितलं, तीन मंडळांना सांगितलं, फेसबुकवर टाकलं. ज्या मुलींसाठी हे चाललं होतं, त्यांना एकदाही विचारलं नाही. याची लाज आजही वाटते.

या खेपेला आधी त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, रात्रीची वेळ नकोच. संध्याकाळी पाणी भरायचं असतं, स्वयंपाक असतो, आणि उशिरा घरचे सोडत नाहीत. पहाटे पाच ते आठ द्या. आमच्या आधीच्या बेतात अभ्यासिका संध्याकाळी सात वाजता उघडणार होती!

आता आम्ही पाच जण आहोत. सहा महिन्यांचं भाडं जमलंय, करारावर सही व्हायची आहे. येत्या जयंतीला स्टेजवरून निदान उल्लेख तरी करू, असा एका साथीचा आग्रह आहे. त्याला आम्ही अजून होकार दिलेला नाही.